पट्टीकाकांना लागलेलं विशेषण

पट्टीकाकांना आजवर लोकांनी नावं पुष्कळ ठेवली, पण ती सगळी मराठीत. त्यामुळे उलट उत्तर देण्याची सोय होती. बायको 'हट्टी' म्हणाली की 'तू काय कमी आहेस?' म्हणता यायचं. मेहुणा 'एककल्ली' म्हणाला की 'बहीण दिलीस तेव्हा काय झोपला होतास?' असं विचारता यायचं. भांडण जिथल्या तिथे मिटायचं, चहा व्हायचा. पण त्या मंगळवारी त्यांना जे विशेषण मिळालं ते इंग्रजी होतं, छापील होतं, मधे एक बारीकशी आडवी रेघ देऊन दोन शब्दांचं लग्न लावून दिलेलं होतं, आणि त्याला काय उत्तर द्यायचं ते काही केल्या सुचेना.

"अ‍ॅक्सिडेंट-प्रोन," असं सुरक्षा अधिकारी मॅडमनी हातातल्या पत्रातून वाचून दाखवलं.

मॅडम नव्या होत्या, वयाने काकांच्या मुलीएवढ्या. कारखाना दुसऱ्या कंपनीने विकत घेतला तेव्हा नव्या खुर्च्यांबरोबर त्याही आल्या. आवाज इतका गोड, की त्यांच्या तोंडून वाईट बातमी ऐकणारा माणूस चुकून 'थँक्यू' म्हणून जायचा. काकाही म्हणाले. दाराबाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण कशाबद्दल आभार मानले तेच आपल्याला माहीत नाही.

पत्रातली दुसरी ओळ मात्र कळायला कोश लागत नव्हता. येत्या सोमवारपासून काकांनी कापणीचं टेबल सोडायचं आणि गेटवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे.

ही ओळ त्यांनी तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा ती दुसऱ्या कुणाची वाटली. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा टायपिंगची चूक वाटली. तिसऱ्यांदा वाचली तेव्हा वरचं नाव आपलंच आहे हे दिसलं.

आता टेबल म्हणजे काय, हे सांगायला हवं. कारखाना काचेचा. माणसापेक्षा उंच काचेचे पत्रे एका बाजूने आत येतात आणि दुसऱ्या बाजूने आरसे, खिडक्यांची तावदानं, टेबलांच्या काचा, कपाटांचे कप्पे होऊन बाहेर पडतात. या सगळ्याची सुरुवात कापणीच्या टेबलावर. चार माणसं ऐसपैस जेवायला बसतील एवढं ते टेबल, वर जाड लोकरीचं कापड, कडेला लाकडी पट्टी, आणि रॉकेलच्या डबीत बुडवून ठेवलेला काच कापायचा कटर. त्याला सगळे नुसतं 'हिरा' म्हणतात. पट्टीच्या कडेने हिरा एकदाच ओढायचा. रेघ बरोबर बसली तर रेशीम फाटल्यासारखा आवाज येतो. वाळू चावल्यासारखा आला, तर समजायचं की बिघडलं. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा हिरा फिरवायचा नसतो. काच एकदाच ऐकते. मग पत्रा टेबलाच्या कडेवर घ्यायचा, मनगटाचा हलका झटका द्यायचा, की काच 'टक्' म्हणून दोन होते. काका हे एकतीस वर्षं करत होते. अंड्याच्या आकाराचा आरसा ते पेन्सिलीची खूणही न करता कापायचे. बघणाऱ्याने 'वा!' म्हटलं की ते मान खाली घालून हिरा पुसायचे, पण कान मात्र दुसऱ्या 'वा!'ची वाट बघत उभे.

आणि हा माणूस म्हणे अपघाती!

खरं तर या प्रकरणाला काकांचा चोख स्वभाव कारणीभूत होता. अठरा वर्षांपूर्वी जुन्या मॅनेजरांनी प्रथमोपचाराच्या पेटीची किल्ली त्यांच्याकडे दिली आणि सांगितलं, "नोंद केल्याशिवाय एक पट्टी बाहेर जाता कामा नये." काका म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. नोंद नाही तर पट्टी नाही, मग समोरच्याचं बोट लोंबत का असेना. त्यावरूनच त्यांचं नाव 'पट्टीकाका' पडलं आणि आईवडिलांनी ठेवलेलं नाव पगाराच्या पाकिटापुरतं उरलं.

त्याच मॅनेजरांनी त्याच वर्षी आणखी एक हुशारी केली. दर तीन महिन्यांनी ज्याचं नाव अपघात रजिस्टरात नसेल त्याला एक टॉवेल. चांगला जाड, काठाला निळी पट्टी असलेला. मॅनेजरांना वाटलं, टॉवेलाच्या आशेने लोक जपून काम करतील. लोकांनी जपून काम केलं नाही. जपून नाव दिलं.

पहिला आला तो घासणीवरचा मामा. 'मामा' हे त्याला मिशीमुळे मिळालेलं नाव. वयाने तो काकांहून दहा वर्षांनी लहान. पण मामाने काकांना काका म्हणायचं आणि काकांनी मामाला मामा, या हिशेबाने त्या कारखान्यात सगळ्यांची नाती वेडीवाकडी झालेली होती. मामाचं काम काचेच्या धारदार कडा फिरत्या चाकावर पाण्याखाली घासायच्या. त्या दिवशी त्याने आपली कडही थोडी घासून घेतली होती.

"काका, पट्टी द्या."

"नाव लिहितो."

"अहो, नाव नका लिहू, टॉवेल जाईल! बायकोने सांगून ठेवलंय."

"नोंदीशिवाय पट्टी नाही."

"मग तुमचं लिहा ना! तुम्हाला काय करायचाय टॉवेल?"

काकांनी विचार केला. नोंद झाली पाहिजे हा नियम. नोंद होतेय. नाव कुणाचं असावं याबद्दल मॅनेजर काही बोलले नव्हते. बोटातून रक्त टपकत होतं. काकांनी लिहिलं, 'डावा अंगठा, घासणीचं चाक', आणि नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव. त्या क्षणी एवढंच वाटलं, की आपण एका माणसाचा अंगठाही वाचवला आणि टॉवेलही.

दुसऱ्या दिवशी ड्रिलवरचा पैलवान आला. काचेला भोकं पाडणारा हा सहा फुटी गडी रक्त दिसलं की चक्कर येऊन बसायचा, आणि ही गोष्ट सासुरवाडीला कळू नये म्हणून त्याला रजिस्टर नको होतं; सासरा कारखान्याच्याच ऑफिसात कारकून होता. मग पॅकिंगच्या ताई. मग सगळेच. अठरा वर्षांत त्या कारखान्यात जेवढी बोटं कापली, जेवढ्या पायांवर काचा पडल्या, जेवढ्या पापण्यांना कण लागले, ते सगळं एकट्या पट्टीकाकांना झालं. घरोघरी टॉवेलांच्या चळती लागल्या. काकांच्या घरी मात्र लग्नातला टॉवेल चालू होता.

नव्या कंपनीने जुनी रजिस्टरं संगणकात भरली. दोनशे सात अपघात. त्यातले सतरा बाहेरून माल घेऊन आलेल्या ड्रायव्हरांचे, कारण त्यांना टॉवेल मिळत नसे. उरलेले एकशे नव्वद एका माणसाचे. संगणकाने दोन सेकंदही विचार केला नाही.

घरी आल्यावर काकांनी पत्र मुलीपुढे ठेवलं. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. इंग्रजी शब्द तिला विचारायचा आणि मग तिने सांगितलेल्या अर्थावर वाद घालायचा, अशी घरात पद्धत होती.

"अपघातप्रवण," ती म्हणाली.

"ते रस्त्यावरच्या पाटीवर असतं ते? अपघातप्रवण क्षेत्र, वाहने हळू चालवा?"

"तेच."

"अगं, ते वळणाचं नाव असतं. माणसाचं नसतं."

"इंग्रजीत माणसालाही लावतात, बाबा. ज्याला सारखं काही ना काही लागतं, होतं, पडतं…"

"म्हणजे वेंधळा," स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या. त्यांचं लक्ष कढईत असलं तरी कान बैठकीतच असायचे.

"नाही गं आई. वेंधळ्याचं लक्ष नसतं. यात तसं नाही."

"मग धांदरट."

"धांदरट घाई करतो. हा माणूस घाईसुद्धा करत नाही. त्याची चूक असेलच असंही नाही. तो फक्त… तसा असतो. जिथे जाईल तिथे त्याला काहीतरी होतं."

"म्हणजे पांढऱ्या पायाचा!" काका उठून उभेच राहिले.

"तेही नाही. पांढऱ्या पायाचा दुसऱ्यांचं वाटोळं करतो. हा स्वतःचंच करून घेतो."

काका खाली बसले. स्वतःचं वाटोळं करून घेणारा. एकशे नव्वद वेळा पेन हातात घेऊन, सुवाच्य अक्षरात. शब्द चुकीचा होता, पण अगदीच चुकीच्या दारात आला होता असं म्हणता येईना.

"बरं, ती पाटी सोडून मराठीत एका शब्दात काय म्हणायचं?"

"एका शब्दात नाही सांगता येत, बाबा."

"एका शब्दात सांगता येत नाही, मग एका शब्दात बदली कशी करता येते?"

काकांनी त्या संतापात कप उचलला, तो हातातून सुटला आणि फरशीवर पडून फुटला. लग्नानंतर काकांच्या हातून फुटलेला हा पहिला कप.

काकूंनी केरसुणी आणली. तुकडे गोळा करता करता त्या म्हणाल्या, "हं. आता अर्थ कळला."

काकूंची एक गोष्ट होती. नवा शब्द मिळाला की त्या तो अंगावर वापरून बघत, नव्या साडीसारखा. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध उतू गेलं तर "आज शेगडीच अ‍ॅक्सिडेंट-प्रोन झालीये." शेजारणीचा मुलगा पुन्हा नापास झाला तर "त्यांचा तो परीक्षेत अ‍ॅक्सिडेंट-प्रोन आहे." काकांनी डोळे वटारले तेव्हा म्हणाल्या, "का हो? इंग्रजी काय तुमच्या एकट्याचं आहे?" दुपारपर्यंत शब्द गल्लीत पोहोचला आणि कोपऱ्यावरचा पंक्चरवाला एका स्कूटरच्या मागच्या चाकाबद्दल तो वापरताना काकांनी स्वतःच्या कानांनी ऐकला. सगळ्यांना तो शब्द किती सहज जमत होता! चिकटला होता मात्र एकालाच.

कारखान्यात तर मजाच झाली, म्हणजे काका सोडून इतरांची.

"काका, तुमच्या अंगावर काळे-पिवळे पट्टे ओढायला हवेत," मामा म्हणाला.

पैलवान टेबलाशेजारून जाताना तोंडाने "पॉं पॉं" करून गेला. "पुढे वळण आहे हो, हॉर्न देऊन जातोय."

काका ऐकत होते. पॉं पॉं करणाऱ्याचा उजवा अंगठा तीनदा ड्रिलखाली आलेला, हे त्यांना तारखांसह पाठ होतं. काळे-पिवळे पट्टे सुचवणाऱ्याच्या डाव्या हाताला तर सरळ नख असं एकच उरलेलं. ज्यांनी लंगडं केलं तेच 'लंगडा' म्हणून हसत होते.

त्यांनी हिरा उचलला, रॉकेलमध्ये बुडवला, पट्टी लावली. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा हिरा ओढताना त्यांच्या मनात आलं, की चुकलं तर? एवढं मनात यायला पुरे असतं. आवाज वाळूचा आला. झटका दिला तेव्हा काच रेघ सोडून आपल्या मनाने गेली, कोपऱ्यापर्यंत, आणि सुऱ्यासारखा एक लांब तुकडा कापडावर पडला.

सगळे गप्प झाले. कुणी हॉर्न दिला नाही. त्या गप्प बसण्याने काकांना शब्दापेक्षा जास्त लागलं, कारण त्यात चेष्टा नव्हती. सगळ्यांना पत्र खरं वाटायला लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर काकांनाही.

म्हणून दुपारच्या चहाला ते उठले आणि एकेकाकडे गेले.

"मामा, माझं टेबल जातंय. तू नुसतं मॅडमना सांग, की त्यातल्या काही नोंदी तुझ्या आहेत."

मामाने मिशीला पीळ दिला. अडचणीत सापडला की तो आधी मिशीचा सल्ला घ्यायचा. "काका, माझी बोटं साक्ष देतील. पण मी कसा देऊ? मग तो शब्द मला नाही का लावणार?"

"अरे, पण तो तुझाच आहे!"

"म्हणून तर भीती वाटते ना."

पैलवान तर गयावयाच करायला लागला. "सासरेबुवा निवृत्त झाले की दुसऱ्या दिवशी सांगतो. आईशप्पथ. तीनच वर्षं राहिलीत."

पॅकिंगच्या ताई तेवढ्या लगेच तयार झाल्या. "चला, मी येते. माझ्या पाच आहेत. त्यात काय लपवायचंय?" पण एकशे नव्वदातून पाच गेल्या, तर उरतात एकशे पंच्याऐंशी. त्यांना घेऊन जाणं म्हणजे घराला आग लागल्यावर चमच्याने पाणी घालणं. काकांनी त्यांचे आभार मानले. मनापासून मानले, आणि या खेपेला कशाबद्दल ते माहीतही होतं.

शुक्रवारी ते एकटेच मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"मॅडम, हा शब्द माझ्यावरून काढा."

"काका, मी नाही लावला. सिस्टीमने लावलाय."

"सिस्टीमने माझे हात बघितलेत का?"

आणि त्यांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, मग उताणे केले. हात दाखवून अवलक्षण, असं म्हणतात ते त्यांना माहीत होतं. पण आता दाखवायला दुसरं काही उरलं नव्हतं. दहा बोटं, दहा नखं. रॉकेलने तळव्यांच्या रेषा काळपट झालेल्या. उजव्या करंगळीच्या मुळाशी एक जुना पांढरा व्रण, पहिल्या वर्षीचा. बाकी हात स्वच्छ. शाळामास्तराचे असावेत तसे.

मॅडम वाकून बघत राहिल्या. मग त्यांनी संगणकाकडे वळून काहीतरी उघडलं.

"काका, सात तारखेला सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तुमचा अंगठा घासणीवर कापलाय. त्याच मिनिटाला तुमच्या पायावर पॅकिंगमध्ये पेटी पडलीये. घासणी इथे, पॅकिंग त्या टोकाला."

काकांनी हात टेबलावरून मागे घेतले.

"आणि जूनमध्ये एक दिवस तुम्ही रजेवर होतात. त्या दिवशीही तुम्हाला दोनदा लागलंय."

"मुलीच्या अ‍ॅडमिशनचा दिवस तो," काका म्हणाले. "किल्ली ताईंकडे दिली होती. त्यांनी… आपली पद्धत चालू ठेवली."

"म्हणजे अठरा वर्षं खोटी नोंद?"

"नोंद खरी, मॅडम. जखम खरी, तारीख खरी, पट्टी खरी. नाव तेवढं माझं."

"मग खरी नावं सांगा."

केबिनची एक भिंत काचेची होती. काकांनीच कापलेली काच. पलीकडे सगळा कारखाना दिसत होता, आणि एकही माणूस इकडे बघत नव्हता. माणसं जीव कानात आणून ऐकत असली की जशी बघत नाहीत, तशी ती बघत नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण काकांनी शंभरदा ऐकली होती. पण संन्याशालाच चोरांची नावं तोंडपाठ असतील तर त्याने काय करावं, हे काही म्हणीत दिलेलं नव्हतं. सांगितलं तर मामा गेटवर. पैलवान गेटवर. सगळेच गेटवर. तिथे इतकी माणसं बसली असती, की गाडीला आत यायला वाट उरली नसती.

तेवढ्यात दार किलकिलं झालं आणि मिशी आत आली. मागून मामा.

"मॅडम, ते… त्यातल्या एक-दोन माझ्या असतील."

"एक-दोन?"

"डझन," मामा पुटपुटला.

मॅडमनी पेन उचललं. "तुमचं पूर्ण नाव सांगा."

मामाने पेनाकडे पाहिलं, पेनाखालच्या कागदाकडे पाहिलं. "नाही, नाही, मी आपला सहज आलो होतो. पंखा नीट चालतोय ना, बघायला," असं म्हणून तो आला तसा गेला. पंखा बंद होता.

काकांनी कपाळावर हात मारला. मॅडमना मात्र हसू आवरेना. हसू थांबल्यावर त्या म्हणाल्या, "असू दे, काका. खोटी नोंद असं मी लिहिलं तर तुमची चौकशी लागेल. ते मी लिहीत नाही. आणि विशेषणाचा हा रकाना रिकामा ठेवता येत नाही, फॉर्म पुढेच सरकत नाही. पण शब्द बदलता येतो. हे बघा, यादी आहे."

काकांनी खुर्ची पुढे ओढली.

"सेफ्टी-माइंडेड," मॅडमनी वाचलं. "सुरक्षेची काळजी असलेला. तुम्हाला अगदी शोभतो."

"घाला मग!"

त्यांनी बटण दाबलं आणि त्यांचा चेहरा पडला. "याला सुरक्षा समितीवर घेतात. पूर्ण वेळ. शिट्टी आणि केशरी जाकीट मिळतं."

"आणि टेबल?"

"टेबल नाही."

"पुढचा वाचा."

"हार्ड-वर्किंग. कष्टाळू… याला नव्या कारखान्याच्या उभारणीला पाठवतात. दुसऱ्या गावी."

"पुढचा."

"सॉफ्ट-स्पोकन. मृदुभाषी. याला तक्रारीच्या खिडकीवर बसवतात."

"मृदुभाषी माणसाला रोज शिव्या खायला बसवतात? आणखी?"

"वेल-ट्रेन्ड. कामात तयार. याने नव्या लोकांना वर्गात शिकवायचं. फळ्यावर."

"काच फळ्यावर कापतात का हो?" काकांचा आवाज चढला. "वाईट म्हटलं तरी उचलतात, चांगलं म्हटलं तरी उचलतात. मॅडम, माणूस आहे तिथे राहील असा एक शब्द नाही का इंग्रजीत? एवढी मोठी भाषा!"

मॅडम यादी खाली खाली नेत होत्या. चाळीस विशेषणं होती आणि प्रत्येकाच्या पुढे कुठली तरी खुर्ची, खिडकी नाही तर गाव लिहिलेलं होतं. अगदी तळाशी त्या थांबल्या. आवाज आणखी गोड झाला. तेव्हाच काका सावध झाले.

"एक आहे. याच्यापुढे 'कारवाई नाही' असं आहे."

"कोणता?"

"मिडल-एज्ड."

हा शब्द विचारायला मुलगी लागली नाही. काकांनी तो टीव्हीवर गुडघेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीत ऐकला होता.

"मध्यमवयीन," ते हळूच म्हणाले. "एकतीस वर्षं काच कापली, आणि माझ्याबद्दल लिहिण्यासारखं हे?"

"तुम्हाला नको असेल तर…"

"मी अजून जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतो, मॅडम."

"हो, मी बघितलंय."

काका काचेतून टेबलाकडे बघत राहिले. काचेच्या पत्र्यांचा एक गठ्ठा नुकताच येऊन भिंतीला टेकला होता. उद्याचं काम. वेंधळा, धांदरट, पांढऱ्या पायाचा, यातलं काही त्यांना परवडलं नव्हतं. हे एक परवडण्यासारखं होतं. सगळ्यात जास्त झोंबलं हेच, की ते खरं होतं.

"लिहा," ते म्हणाले.

मॅडमनी लिहिलं. मग जराशा अडखळून म्हणाल्या, "एक सांगायला हवं. हा शब्द पंचावन्नपर्यंतच चालतो. नंतर सिस्टीम आपोआप बदलते."

"काय करते?"

"ते मला आत्ता दिसत नाहीये."

काकांनी बोटांवर मोजलं. एक वर्ष दहा महिने. "चालेल," असं म्हणून ते उठले. आणि दारापाशी जाऊन परत फिरले. "थँक्यू म्हटलं नाही म्हणून रागावू नका. आज म्हणवत नाही."

सोमवारी ते टेबलावर होते. काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी पेटीजवळ उभं राहून सगळ्यांना एकदाच सांगितलं, "आजपासून ज्याचं बोट, त्याचं नाव."

आणि त्या दिवसापासून पेटी उघडलीच नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. रजिस्टरचं पान कोरं. मामाच्या बोटाला रुमाल आला, पैलवान एक हात खिशात घालून ड्रिल चालवू लागला, कुणी अंगठा तोंडात धरून लहान मुलासारखं फिरू लागलं. पण नाव द्यायला कुणी आलं नाही.

शनिवारी मॅडम लगबगीने टेबलापाशी आल्या. हातात छापील कागद, तोंडावर हसू.

"काका, बघा! आठवड्यात एकही अपघात नाही. सिस्टीम म्हणते, तुमच्यावरचा शब्द काढल्यामुळे फरक पडला!"

काकांनी तोंड उघडलं. मॅडमच्या मागे, घासणीच्या चाकाशी मामा उभा होता. बोटावरचा रुमाल लाल होऊन आता काळा पडायला आला होता, आणि तो छताकडे बघत शीळ घालत होता. काकांनी तोंड मिटलं. हिरा डबीत ठेवला, भिंतीवरची किल्ली काढली, पेटी काखोटीला मारली आणि तरातरा घासणीकडे गेले.

"बोट पुढे कर."

"नाव कुणाचं लिहिणार?" मामाने हात पाठीमागे नेला.

"अरे गाढवा, बोट कुजेल! आधी बोट पुढे कर. नावावरून नंतर भांडू."